सोडाल्याच्या दुकानातला सीडी ड्राइव्ह

मित्रांनो, मी एक जुना सीडी ड्राइव्ह आहे. जयपूरला जगतपुऱ्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत, काचेच्या कपाटात माझा मुक्काम असतो. तुमच्यातले काही जण थबकून विचारतात, "हे काय असतं?" प्रश्न बरोबरच आहे. म्हणून सांगतो.

माझा जन्म सिंगापूरच्या एका कारखान्यातला. फिरणाऱ्या तबकडीवर प्रकाशाचा बारीक किरण टाकायचा आणि तिच्यावरचा मजकूर, चित्रं, आवाज वाचून संगणकाला द्यायचे, एवढंच माझं काम. लिहिता मला येत नाही.

मला जयपूरला आणलं निनाद टिळेकर यांनी. विमा कंपनीत अधिकारी होते, सांगलीहून बदली होऊन इथे आले होते. नोकरी सोडून त्यांनी जयपूरच्याच सोडाला भागात संगणकाचं दुकान थाटलं. "घरोघरी संगणक येणार, आणि प्रत्येकात हा ड्राइव्ह असणार," असं ते येईल त्याला सांगत. या भरवशावर त्यांनी माझ्या भावंडांच्या पेट्यांनी मागची खोली भरून टाकली. मी नमुन्याच्या संगणकात, काउंटरवर.

लोक येत, तबकडीतून पडद्यावर येणारा वाघ बघत, त्याची डरकाळी ऐकून हसत आणि जाताना विचारत, "टाइपिंग तो फ्लॉपी से भी हो जाती है ना?" व्हायची. मला त्यांचा राग आला नाही. वर्ष सरत आलं तरी पेट्या जागच्या जागीच होत्या. पुढच्या दिवाळीपर्यंत त्या हलल्या नाहीत, तर दुकान बंद करून सांगलीला परतायचं, असं घरी ठरलं.

त्यांच्या पत्नी सुरुचीताई मानसरोवरच्या एका शाळेत भूगोल शिकवत. एका रविवारी त्या माझ्यासमोर बसल्या. परदेशी ज्ञानकोशाची तबकडी घालून त्यांनी राजस्थान शोधलं. एक उंट आणि चार ओळी मिळाल्या.

"अहो, यंत्र छान आहे हे. पण इथल्या मुलाला यातून काय मिळणार? त्याच्या पुस्तकातलं काहीच नाही यात."

"मतलब, अडलंय ते ड्राइव्हमुळे नाही?"

"तबकडीमुळे अडलंय. लोक रिकामं कपाट कशाला घेतील?"

मग त्या दोघांनी स्वतःच तबकडी करायला घेतली. हिवाळ्यात उसना कॅमेरा घेऊन सांभर तळ्यावरचे रोहित पक्षी टिपून आणले. अरवलीचे नकाशे सुरुचीताईंनी हाताने काढले. मे महिन्यात, आवाज नको म्हणून पंखा बंद करून, घामाघूम होत त्यांनी हिंदीतून धडे वाचले. त्यांची लेक कस्तुरी दाराशी उभी राहून शेजारच्यांना कुकर लावू नका म्हणून विनवायची. दिल्लीहून तबकड्या तयार होऊन आल्या.

शाळा उघडल्यावर पालकांच्या सभेत मला नेऊन त्या दाखवायच्या होत्या. आदल्या दिवशी आंधी आली आणि दारं-खिडक्या बंद असूनही धूळ माझ्या भिंगापर्यंत पोचली. सभागृह पालकांनी आणि मुलांनी भरलं होतं. निनादरावांनी तबकडी घातली, मी फिरलो, पण मला काही दिसेना. पडदा काळा राहिला. मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. निनादरावांनी स्क्रूड्रायव्हर हाती घेतला. त्यांनी मला उघडलं, कापूस घेतला.

सुरुचीताई मात्र पुढे झाल्या आणि सांभरचं मीठ कसं पिकतं ते सांगू लागल्या, जणू हे आधीपासूनच ठरलं होतं. त्या बोलत असताना माझं भिंग स्वच्छ झालं. पडद्यावर गुलाबी पक्ष्यांचा थवा उठला आणि मागून त्यांचाच आवाज आला. मुलं ओरडली, "फिर से! फिर से!"

दिवाळीआधीच मागची खोली रिकामी झाली.

पुढची वर्षं चांगली गेली. माझ्याहून वेगवान ड्राइव्ह आले, लिहिणारे आले, डीव्हीडीवाले आले. मी काउंटरवरून फळीवर गेलो. मग पेन ड्राइव्ह आणि इंटरनेटने सगळ्यांचीच गरज संपवत आणली. निनादरावांना ते जरा उशिरा उमगलं. मागची खोली त्यांनी पुन्हा भरून ठेवली होती.

अशात प्रथमेश आणि अनुया हे तरुण जोडपं दुकानात आलं. पुण्याहून नोकरीसाठी आलेलं, मराठी पाटी बघून आत शिरलेलं.

"काका, सीडी ड्राइव्ह असलेलाच कॉम्प्युटर द्या," अनुया म्हणाली. "मुलगी शाळेत जायला लागलीय. तिला शिकायला लागेल."

निनादरावांनी मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. सुरुचीताई निवृत्त होऊन तेव्हा दुकानातच बसायच्या.

"नका घेऊ," निनादराव म्हणाले. "मुलगी मोठी होईल तेव्हा यात घालायला काही मिळणार नाही. साधा घ्या, इंटरनेट चांगलं घ्या."

"पण तुमच्याकडे तर एवढा माल दिसतोय," प्रथमेश चकित होऊन म्हणाला.

"अंदाज माझा चुकला. तो तुमच्या घरात कशाला?"

ती दोघं गेल्यावर सुरुचीताईंनी आपल्या कपातला अर्धा चहा त्यांच्या कपात ओतला.

मी फळीवरून सगळं ऐकलं. ज्याने या शहरात माझं पहिलं कौतुक केलं, त्यानेच मला घेऊ नका म्हणून सांगितलं. दोन्ही वेळा तो माणूस खरं बोलला होता. मला वाईट वाटलं का? थोडं. पण मुलांना काय मिळेल, हेच तर पहिल्यापासून माझा उपयोग मोजायचं माप होतं.

पुढे निनादरावांनी उरलेल्या पेट्या कॉलेजांना देऊन टाकल्या. "पोरांना उघडू द्या, आत काय आहे ते कळू दे," म्हणाले. त्या पेट्यांबरोबर मीही इथे आलो.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. यंत्रं जुनी होतात, होऊ द्यावीत. पण त्यांच्या पोटात माणसांनी मेहनतीने जे ठेवलेलं असतं, ते यंत्राबरोबर जाऊ देऊ नका. तुमच्या घरात कपाटाच्या तळाशी एखादी तबकडी पडली असेल. तिच्यावर काय आहे ते आईबाबांना विचारा, आणि आजच नव्या जागी उतरवून घ्या. तबकडी अजून शाबूत असेल. ती वाचू शकणारे मात्र आता आम्ही थोडेच उरलो आहोत.