रिसेट किती वेळा दाबलंत?

चिमाजीमामांचा फोन आला तेव्हा मी अंबडच्या टपरीवर चहा पीत उभी होते. जानेवारीतली सकाळ, आठ वाजायला आले होते आणि गारठा असा की गरम ग्लास हातातून सोडवत नव्हता.

"ताई, बर्नर पेटतो अन् लगेच इझतो. धड चालंनाच."

विल्होळीच्या पुढे अमोलशेठचा कांदा सुकवायचा कारखाना आहे. चिमाजीमामा तिथले बॉयलरवाले, आणि तिथल्या बर्नरची दुरुस्ती माझ्याकडे. गेल्या महिन्यात शेठने तेलाची टाकी शेडबाहेर हलवली, तेव्हा टाकीपासून बर्नरपर्यंतचा नवा पाइप आणि फिल्टर मीच ठरवून बसवला होता. 'बाई काय बर्नर बघणार' म्हणणाऱ्यांची तोंडं मी केव्हाच बंद केली आहेत, त्यामुळे माझं काम कुणी पुन्हा तपासत नाही.

"रिसेट किती वेळा दाबलंत?"

मामा जरा थांबले. "दोनदा."

बर्नर पेटला नाही की आपोआप बंद पडतो. रिसेटचं बटण दाबलं की पुन्हा पेटायला बघतो. असा प्रत्येक फसलेला प्रयत्न थोडं तेल न जळता भट्टीत सोडतो. म्हणून दोनदा ठीक, त्यापुढे बटणाला हात लावायचा नाही.

"मग पंपात हवा धरली असेल. स्क्रू ढिला करून हवा काढा, तेलाची धार सलग आली की आवळा आणि एकदा दाबा. मी निघालेच."

फोन ठेवला आणि चहा संपवला. अगदी निवांत संपवला, हे लिहिताना आजही लाज वाटते.

स्कूटर सुरू केली आणि विचार चालू झाला. हवा शिरली कुठून? सांधे तर मी स्वतः तपासलेत. मग पंपाला तेलच कमी पडत असणार. आणि तेव्हा आठवलं. बर्नर तासाला साठ लिटर तेल जाळतो, म्हणून मी साठ लिटरला पुरेल असा पाइप घेतला होता, फिल्टरही तेवढाच. पण पंप तासाला दीडशे लिटर ओढतो. साठ जळतं, उरलेलं दुसऱ्या पाइपने टाकीत परत जातं. पाइप धरायचा तो दीडशेचा! नवशिक्याने ही चूक केली असती तर मी त्याला सोलून काढला असता. डिसेंबरच्या उन्हात ते कसंबसं निभावलं. आजच्या थंडीत तेल काकवीसारखं झालं असणार.

म्हणजे बर्नर पहाटेपासून अर्धपोटी होता. पाळी सहाला सुरू होते. दोन तासांत मामांनी फक्त दोनदा बटण दाबलं?

कुठल्याही बॉयलरवाल्याला विचारा, तो दोनदाच सांगतो. मामा मात्र खरं सांगायचे. दिवाळीच्या सुमाराला एकदा ते "पाचदा" म्हणाले, आणि मी शेठसमोर, कांदा चिरणाऱ्या बायकांसमोर त्यांना झापलं. "वय झालं मामा, घरी बसा आता," असंही मी म्हणाले. साठीला टेकलेला माणूस मान खाली घालून ऐकत राहिला. खोटं बोलायला त्यांना मीच शिकवलं होतं.

आता भट्टीच्या तळाशी तेल साचलं होतं आणि मी त्यांना हवा काढून अजून एकदा दाबायला सांगितलं होतं. हवा निघाली की या वेळी बर्नर नक्की पेटणार, आणि आतलं सगळं तेल एकदम भडकून भट्टीचं दार उडणार. पेटवताना मामा कुठे उभे राहतात तेही मला ठाऊक होतं. दारातल्या काचेला डोळा लावून, अगदी समोर.

गाडी बाजूला घेऊन फोन लावला. घंटी वाजत राहिली. शेठचा फोन व्यस्त. पुन्हा मामा. त्यांचा फोन खुंटीवरच्या स्वेटरात असतो आणि बर्नरला हवा देणाऱ्या ब्लोअरच्या आवाजात काही ऐकू येत नाही. मी गाडी पळवली. "नका दाबू, मामा, नका दाबू," असं मी हेल्मेटच्या आत मोठमोठ्याने बोलत होते. पुढून स्फोटाचा आवाज येईल म्हणून मला कान बंद करून घ्यावेसे वाटत होते.

कारखान्याच्या चिमणीतून पांढरा धूर निघत होता. न जळलेल्या तेलाचा धूर पांढरा असतो. गाडी तशीच आडवी टाकून मी धावले, बॉयलरच्या खोलीबाहेरचा मेन स्विच खाली ओढला.

ब्लोअर घरघरत थांबला. आत मामा उभे होते, अंगठा बटणावर.

"धारच येईना लवकर, ताई," ते म्हणाले. "आत्ता कुठं सलग झाली."

बारीक पाइपातून हवा निघायलाच एवढा वेळ लागला होता. भट्टीच्या दाराच्या फटीतून तेल थेंब थेंब गळत होतं, खाली परातीएवढं थारोळं झालं होतं. तेवढ्यात अमोलशेठ धावत आला.

"लाइट का घालवली? काय झालं?"

मी मामांकडे वळले. "किती वेळा दाबलंत?"

मामांनी शेठकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दोनदाच, ताई."

समोर तेल गळत होतं, तरी दोनदाच.

"शेठ, पाइप मी बारीक बसवलाय, फिल्टरही," मी म्हणाले. आवाज बायकांना ऐकू जाईल एवढा मोठा होता. "चूक माझी आहे. मामांचा यात काही दोष नाही."

मामांनी फडक्याला हात पुसले, एकेक बोट सावकाश.

"मामा, आता सांगा."

"चौदा," ते म्हणाले. "पंधरावं तुम्ही सांगितलं म्हणून दाबीत होतो."