नारळानं कुठला साबण लावला?

"निघालं! निघालं! बघा, विष निघालं!"

सात्त्विकनाथ महाराजांनी हात उंचावला आणि देवबागच्या त्या अंगणातल्या साठ-सत्तर माना बगळ्यांसारख्या एकदम लांब झाल्या. हौसाबाईचे दोन्ही पाय पांढऱ्या टबात होते. क्षणापूर्वी टबात कोकमाचं पातळ, गुलाबी पाणी होतं. महाराजांनी डबीतलं चमचाभर 'जीवनभस्म' टाकलं, ढवळलं, आणि बघता बघता पाणी निळंकाळं! जणू समुद्रातलं माकूल शाई सोडून पळालं.

"आवशीक खाव!" होडीवाला दत्ताराम ओरडला. "हौसाबाय, एवढा ईख घेवन तू गावभर फिरत होतंस?"

लाज वाटून घ्यावी की अभिमान, हे हौसाबाईला कळेना. तिनं दोन्ही थोडं थोडं वाटून घेतलं.

"माते, साबण कुठला वापरता?"

"दुकानातलो. लाल."

"लाल!" महाराजांनी कपाळावर हात मारला. "साबण म्हणजे कातडीचं विष. टूथपेस्ट म्हणजे दातांचं विष. शाम्पू म्हणजे मेंदूचं विष, कारण तो डोक्यातून आत मुरतो! आणि डॉक्टरांच्या गोळ्या? सगळ्या विषांचे आजोबा! निसर्गाकडे चला, माते. घरचं ते अमृत."

हे घरचं अमृत महाराजांकडे बाटल्यांत भरून तयारच होतं: खोबरेल, रिठ्याची पूड, उटणं. माडांच्या बनात राहणाऱ्या माणसांना खोबरेल विकायला छाती लागते. महाराजांकडे ती होती. सात दिवस त्यांच्या बाटल्या वापरल्या की आठव्या दिवशी पुन्हा टब, पुन्हा भस्म, आणि पाणी गुलाबीच राहायचं. शरीर शुद्ध! टाळ्या!

महाराज उतरले होते सेवरीनाच्या होमस्टेत. आणि सगळ्यांत जास्त भडकली होती सेवरीनाची दहावीतली मुलगी, ग्लेनिशा. घरगुती गोष्टींशी तिचं भांडण नव्हतंच मुळी. सेवरीना खोबरेल घरी काढायची, नारळाच्या माडीचा आंबट शिरका, म्हणजे व्हिनेगर, घरी मुरवायची; ग्लेनिशाचे कमरेपर्यंतचे केस रिठ्यावरच तर वाढले होते. भांडण होतं ते एका जखमेवरून. सेवरीनाला मधुमेह. टाचेला शिंपला लागून झालेली जखम दोन आठवडे झाले तरी भरत नव्हती. त्यात तिच्याच टबातलं पाणी सगळ्यांत काळं निघालं. झालं! तेव्हापासून सेवरीना महाराजांनी दिलेलं भस्म रोज जखमेवर लावत होती, आणि पाच दिवस तिनं साखरेची गोळी घेतली नव्हती.

"मम्मी, गोळी घे गो."

"नको. अंगात आधीच ईख आसा. त्यात आणि कित्याक?"

"आणि पाय चुरचुरता त्याचा काय?"

"ईख भायर येताना चुरचुरतलाच. महाराजांनी सांगलेला."

"तू मालवणाक डॉक्टराकडे चल."

"तू आधी दहावी पास हो. मगे माका उपदेश कर."

ग्लेनिशा पाय आपटत विहिरीवर गेली. शाळेच्या पांढऱ्या शर्टावर सोलकढी सांडली होती. तिनं सगळा राग त्या डागावर काढला. खसाखसा साबण घासला. गुलाबी डाग निळसर काळा पडला.

तिचा हात थांबला.

हा डाग तिनं शंभरदा पाहिला होता. देवबागातल्या प्रत्येक बाईनं पाहिला होता. ज्या घरात सोलकढी, त्या घरात हा डाग! पण विहिरीवर दिसला तर तो डाग, आणि महाराजांच्या टबात दिसला तर विष? ग्लेनिशा ओला शर्ट हातात घेऊन तिथल्या तिथे नाचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण भरलं तेव्हा ती सरळ टबापाशी गेली आणि गुलाबी पाण्यात तिनं एक ताजा नारळ सोडला.

"महाराज, आज याचं विष काढा ना!"

"बाळ, ही चेष्टा आहे."

"चेष्टा कसली? झाडांनाही जीव असतो, तुम्हीच म्हणालात."

"काढा, महाराज!" दत्ताराम मागून बोलला. "नारळ मीच पाडलंय."

महाराज डबीकडे झेपावले, पण तोवर ग्लेनिशाचा चमचा भरला होता. भस्म पडलं. पाणी काळं ठिक्कर.

मग हौसाबाई हळूच म्हणाली, "गो बाय, ह्या नारळान खयचो साबण लावल्यान?"

हसून हसून लोकांनी गुडघे बडवले. पण महाराज हार मानणारे नव्हते. "युरिया! झाडाला युरिया घातला असणार!"

"बरं." ग्लेनिशानं दुसऱ्या टबात नुसतं कोकमाचं पाणी घेतलं. पाय नाही, नारळ नाही, काही नाही. त्यातही भस्म टाकलं. काळं! "हे कोणाचं विष? टबाचं?"

"हवेतलं! या मुलीच्या नकारात्मक लहरींचं!"

आता तिनं मम्मीच्या शिरक्याची बाटली उघडली आणि काळ्या पाण्यात भडाभडा ओतली. पाणी पुन्हा लालचुटूक झालं.

"विष परत गेलं! कुठे गेलं, महाराज?"

ते आपल्यातच परत शिरेल म्हणून हौसाबाईनं घाईघाईनं पाय पोटाशी घेतले.

"काय्येक नाय हौसाबाय, घाबरू नको," ग्लेनिशा म्हणाली. "कोकमाचो रंग आंबट पाण्यात लाल, आणि साबण नायतर चुनो पडलो की काळो. आपल्या कपड्यांवर रोज होता. ह्या भस्म नाय. शिंपले भाजून करतत तो चुनो!"

दत्तारामानं चिमूट बोटांत चोळून पाहिली. रोज पान खाणाऱ्या माणसाला शंका राहिली नाही. आठव्या दिवसाची डबी वेगळी निघाली. ती हौसाबाईनं हुंगली. "ह्या तर तांदळाचा पीठ! भाकरी भाजा, महाराज!"

सगळे हसत होते. ग्लेनिशा हसत नव्हती. ती आईसमोर जाऊन बसली.

"मम्मी, ईख चुरचुरत नाय. तुझ्या जखमेत पाच दिवस चुनो जाता."

सेवरीनानं टाचेकडे पाहिलं. कडा पांढऱ्या पडून फाटल्या होत्या. मग तिनं महाराजांकडे पाहिलं आणि पाच दिवसांचं 'तुम्ही' एका दमात टाकून दिलं. "जखम तुका दिसत होती. साखर आसा काय म्हणान एकदा तरी इचारलंस?"

महाराजांनी घरच्या अमृताच्या बाटल्या पिशवीत भरायला घेतल्या.

दत्तारामानं बोलावलेल्या रिक्षातून सेवरीना तासाभरात मालवणला पोचली. डॉक्टरांनी जखम धुतली, साखर तपासली आणि खूप बोलणी घातली. आणखी आठवडा गेला असता तर पायाचा काही भरवसा नव्हता, असंही म्हणाले. सेवरीनानं तिथेच गोळी मागून घेतली.

सेवरीना आजही खोबरेल घरीच काढते. तुम्हीही काढा, जरूर लावा, केस छान होतात. पण 'नैसर्गिक' या शब्दापुढे अक्कल गहाण टाकू नका. चुनाही नैसर्गिकच असतो. डोळ्यांसमोर पाण्याचा रंग बदलला तर अंगातून काय निघालं हे नंतर पाहा, पाण्यात काय पडलं ते आधी विचारा. आणि विचारल्यावर जो चिडेल, त्याच्या टबात पाय घालू नका.