सोळा नोव्हेंबरची जबानी

आई गेली तेव्हा आयलेन अकरा वर्षांची होती आणि सीरो पाच. दोघांना उचलून बालगृहात टाकलं. आता सीरोला एका घरी दत्तक द्यायचं, तिला दुसऱ्या, असा कागद तयार होता. सख्खी मावशी नेलिदा दर रविवारी फाटकाशी येऊन बसायची, पण तिच्याकडे एकच खोली, म्हणून मुलं देता येत नाहीत, असा फाइलीत शेरा. एक खोली म्हणजे जसा काही गुन्हा! असले शेरे मारणाऱ्यांच्या स्वतःच्या घरात दोन-दोन खोल्या धूळ खात पडलेल्या असतात.

मुलांनाही स्वतःचा वकील मागता येतो, तोही फुकट, हे आयलेनला स्वयंपाकीणबाईंनी सांगितलं. संचालकांनी नाही. तिनं वहीचं पान फाडून अर्ज लिहिला, म्हणून आज कोर्टाच्या बाकावर तिच्या शेजारी वकील सुलेमा बारिओनुएवो 'माते' नावाचा कडू चहा नळीनं ओढत बसल्या होत्या. फाइल त्यांना आज सकाळीच हातात मिळाली होती.

"यात तुझी जबानी आहे," वकीलबाई म्हणाल्या. "'माझी व भावाची स्वतंत्र सोय करण्यास माझी हरकत नाही.' असं म्हणालीस तू?"

"मी? असं तर आमच्या हेडबाईपण बोलत नाहीत. कधी म्हणाले मी?"

"सोळा नोव्हेंबरला."

"तेव्हा तर इथं टाळं होतं! बालगृहातल्या ताई आम्हाला घेऊन आल्या होत्या. आतून मांस भाजल्याचा धूर येत होता. दारावरचे काका म्हणाले, आज कोर्टातल्या कामगारांचा दिवस, आज आमचा सण. सीरोला पावात सॉसेज घालून दिलं आणि घालवून दिलं."

वकीलबाईंनी नळी तोंडातून काढली. "चल आत," एवढंच म्हणाल्या.

आत न्यायाधीश इतुराल्दे चष्मा पुसत होते. "मुलीला बाहेर बसवा. मोठ्यांचं बोलणं आहे."

"ती माझी अशील आहे साहेब. ती बाहेर गेली तर मीही जाते, मग बोला भिंतीशी." आणि वकीलबाईंनी फाइल उघडून त्यांच्यापुढे सरकवली. "सोळा नोव्हेंबरला ही जबानी कुणी घेतली? तुमचे सचिव तर त्या दिवशी पटांगणात शेगडीपाशी मांस भाजत उभे होते. मीठ जास्त झालं म्हणून गावभर बोंब झालीय."

बाजूच्या टेबलावरचे सचिव बोर्देनावे लाल झाले. "तारीख ठरलेली होती... चुकली असती तर पुढे जानेवारीत कोर्टाला सुट्टी, म्हणजे नवी तारीख थेट फेब्रुवारीत. म्हणून दुसऱ्या दिवशी नेहमीचा मजकूर घातला."

नेहमीचा मजकूर! दोन लेकरांची ताटातूट, आणि यांच्याकडे त्याचा साचा तयार.

न्यायाधीशांनी कागद ओढून त्याकडे पाहिलं. मग पहिल्यांदा आयलेनकडे. "तूच सांग, पोरी."

आयलेन उभी राहिली. "सीरो माझ्या वेणीचं टोक धरल्याशिवाय झोपत नाही. मावशीची खोली मी पावलांनी मोजलीय. दोन खाटा बसतात, मध्ये शेगडीपण."

"आणि मावशी आजारी पडली तर?"

"तर मी असेन ना तिथं! दुसऱ्या घरी राहिले तर तिला कोण बघणार?"

बालकल्याण विभागाचा वकील खाकरला. न्यायाधीशांनी त्याला हातानंच गप्प केलं. "खोली कमी पडते म्हणता ना? मग विभागानं दुसरी बांधून द्यावी. दोन्ही मुलं आजपासून मावशीकडे. एकत्र. आणि बोर्देनावे, त्या खोट्या जबानीबद्दल तुमच्याकडे नंतर बघतो."

आयलेनची जबानी पुन्हा लिहिली, तिच्याच शब्दांत. वेणी, खाटा, शेगडी, सगळं आलं. खाली तिनं पूर्ण नाव घातलं. बोर्देनावेंनी पान फाइलीत ठेवलं आणि ते फाइल मिटायला लागले.

"शिवा ना," आयलेन म्हणाली. इथं फाइलीची पानं दोऱ्यानं शिवतात, तिनं पाहिलं होतं; शिवलेलं पान मग कुणाला गुपचूप बदलता येत नाही.

"दुपारी शिवतो."

"आत्ता. माझ्यासमोर."

वकीलबाई भिंतीला टेकून हसत उभ्या राहिल्या. बोर्देनावेंनी दाभण काढला. दाराशी नेलिदामावशी सीरोला कडेवर घेऊन रडत होती, आणि सीरो ओरडत होता, "चल ना गं, भूक लागली!"

"थांब रे," आयलेन वळली नाही. "काका, गाठ दोनदा मारा."