चाळीस सेंटिमीटरवरचं झाड

मी एक जुनी फळी आहे. प्लायवुडची, दाराएवढी, एका कोपऱ्याला ओल लागून फुगलेली. मित्रांनो, फळीला कसलं आलंय आयुष्य, असं म्हणून हसू नका. माझ्या अंगावर एकेकाळी एक अख्खं संशोधन केंद्र उभं होतं: नऊ इमारती, दोन पाण्याच्या टाक्या, एक वीजघर आणि हिरव्या स्पंजची तीनशे बारा झाडं. मोजायला मला भरपूर वेळ मिळाला आहे.

असं मोठं केंद्र बांधण्याआधी त्याचं मॉडेल करतात. माझ्यावरचा एक सेंटिमीटर म्हणजे खऱ्या जमिनीवरचे दोन मीटर. मधोमध मीटरभर लांबीची एक सरळ इमारत होती, तिला सगळे 'लांबघर' म्हणायचे. खऱ्या लांबघरात दोनशे मीटरचं एक यंत्र बसणार होतं. त्यातून किरणांचा झोत सुटणार आणि त्या उजेडात शास्त्रज्ञ पदार्थाच्या पोटातलं बघणार. यंत्र महानाजूक. केसाच्या जाडीइतकीसुद्धा जमीन थरथरली तर त्याला चालायचं नाही. शिवाय तापट इतकं, की गार पाणी सतत फिरवलं नाही तर बंद पडायचं. पाणी फिरवायला पंप हवेत, आणि पंप म्हटले की जमीन थरथरणारच. आता बसवा दोघांना एका अंगणात!

ते बसवायचं काम नळदादांचं. पाणी, वारा, वीज, सांडपाणी, इमारतीच्या पोटातलं सगळं तेच आखायचे. आर्किटेक्ट मंडळी इमारतीचा चेहरा काढायची आणि भाव खायची. नळदादा आतडी काढायचे, म्हणून त्यांना हे नाव पडलं. त्याचं त्यांना काही वाटत नसे. "चेहरा बघून लोक येतात," ते म्हणायचे, "आतडी बिघडली की पळतात."

माझ्यावरचं सगळं उभं केलं ते त्यांच्या धाकट्या बहिणीने. ऑफिसात तिला 'कात्रीताई' म्हणत, कारण तिचा हात आणि तिची जीभ एकाच दगडावर पाजळलेली. एकदा तिने मोठ्या आर्किटेक्टला भर बैठकीत विचारलं, "साहेब, या इमारतीला दार काढलेलं नाही. शास्त्रज्ञांनी खिडकीतून उडी मारायची का?" नकाशात दार खरंच राहिलं होतं. त्या दिवशी नळदादा इतके हसले, की हातातला चहा माझ्यावर सांडला. कोपरा फुगलाय तो त्यामुळेच. एवढ्या तेवढ्यावरून बहीणभाऊ भांडायचे आणि चहाला मात्र बरोबर जायचे. ती चाळिशी ओलांडून गेली तरी दादा तिला 'चिमणे'च म्हणायचे.

त्या ऑफिसची एक रीत होती. समितीतल्या शास्त्रज्ञांना इमारतीचे नकाशे वाचता यायचे नाहीत. कबूल मात्र एकाने केलं असेल तर शपथ. म्हणून सगळे निर्णय माझ्याभोवती उभं राहून व्हायचे. जे नक्की नाही ते माझ्यावर टाचणीने टोचायचं आणि नक्की झालं की गोंदाने चिकटवायचं. बैठकीच्या टिपणात एवढंच लिहायचं: 'जागा मॉडेलप्रमाणे.' नकाशे काढणारे माझ्यावर पट्टी ठेवून मापं घ्यायचे. गोंद लागला की विषय संपला.

पंपघर आधी लांबघरापासून अकरा सेंटिमीटरवर होतं, कात्रीताईने चांगलं चिकटवलेलं. मग माती तपासणाऱ्यांनी कळवलं, की ही जमीन चोंबडी आहे, इथली थरथर लांबवर पोहोचवते. तेव्हा कात्रीताई सासूच्या आजारपणामुळे रजेवर होती. नळदादांनी पंपघर अलगद सोडवलं, खिशातली त्रिकोणी पट्टी लावली आणि चाळीस सेंटिमीटरवर, म्हणजे जमिनीवर ऐंशी मीटर लांब, नेऊन टोचलं. समितीने मान डोलावली.

"गोंद लावून टाका की," नकाशेवाला म्हणाला.

"मी लावला तर चिमणी मला जिवंत सोडेल का? तिचं काम तिलाच करू दे. आली की लावेल," असं म्हणून दादा विहिरींच्या चाचणीसाठी महिनाभर बाहेरगावी गेले.

ज्या दिवशी कात्रीताई परतली, त्याच दिवशी नेमके मोठे पाहुणे यायचे होते. मला सभागृहात न्यायला चौघांनी उचललं. चौघांच्या चार दिशा. दाराशी मी कलंडले आणि पंपघर टपकन खाली पडलं. टाचणी घरंगळत कपाटाखाली गेली. पाहुणे जिन्यात पोहोचलेले. ताई गोंदाची बाटली घेऊन धावत आली. तिने माझ्यावर नजर फिरवली. टाचणीचं भोक ते केवढं! आणि अकरावरचा जुन्या गोंदाचा चौकोन कसा ठसठशीत, तिच्याच हातचा, पंपघराच्या तळाशी तंतोतंत जुळणारा. तिने पंपघर तिथे चिकटवलं, दहा आकडे मोजेपर्यंत दाबून धरलं आणि पदराने कडा पुसल्या.

मी ओरडले असते हो. पण फळीला फक्त करकरता येतं, आणि ते मी चौघांच्या हातांवर आधीच करून चुकले होते.

पुढे मी सभागृहातच काचेखाली राहिले. दादा परतले तेव्हा टेबलावर साठ नकाशांचा गठ्ठा सहीसाठी वाट बघत होता. "पंपघराला गोंद लागला?" एवढंच त्यांनी विचारलं. "ताईंनी स्वतः लावला," नकाशेवाला म्हणाला. आयुष्यभर दुसऱ्याचं प्रत्येक माप दोनदा मोजणाऱ्या त्या माणसाने पंपघराच्या तेवढ्या नकाशावर पट्टी ठेवली नाही. गोंद चिमणीचा होता ना.

चार वर्षांनी केंद्र उभं राहिलं. पंप सुरू झाले आणि लांबघरातली प्रत्येक आकृती हलत्या गाडीत काढलेल्या अक्षरासारखी फिसकटली. पंप बंद केले की आकृती स्वच्छ, पण यंत्र तापून बंद. चौकशी बसली. नवीन पंपघराला दोन वर्षं लागणार होती. लांबून आलेले शास्त्रज्ञ बॅगा भरून परत चालले.

चौकशीची नवी समिती बसायच्या आधी नळदादा एकटेच माझ्याकडे आले. त्यांनी काच सरकवली आणि पट्टी लावली. अकरा. मग चाळीसपर्यंत बोट नेलं आणि धूळ पुसली. भोक सापडलं. पंपघराच्या कडेने दिसणारा गोंदाचा दुहेरी थरही त्यांनी नखाने चाचपला. मित्रांनो, मी बरीच माणसं पाहिली आहेत. चूक दुसऱ्याची निघाली की माणसाचा चेहरा उजळतो, अगदी सज्जनाचासुद्धा. दादांचा विझला.

बाहेर पावलं वाजली. दादांनी कडेचं एक स्पंजचं झाड उपटलं आणि त्या भोकात रोवलं.

समिती आत आली, मागून कात्रीताई. दादांनी विचारायचीही वाट पाहिली नाही. "पंपघर लांब न्यायला हवं होतं, मी ते हलवलंच नाही," ते म्हणाले. "पाईप कमी लागावा म्हणून जवळच राहू दिलं. माझी चूक."

नकाशेवाल्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. दादांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की ते मिटलं.

सगळे गेल्यावर ताई म्हणाली, "चार हात पाईप वाचवलास आणि नाव घालवलंस. तुझं गेलं ते गेलं, माझंही गेलं. उद्यापासून मी 'त्या नळदादाची बहीण'."

"हो गं. लोभ नडला."

"हसू नकोस!"

ते हसत नव्हते. त्यांचा चेहराच तसा होता.

दादांना काम सोडावं लागलं. शेवटच्या दिवशी ते दोन कप चहा घेऊन तिच्या टेबलाशी आले. तिने मान वर केली नाही. मग त्यांनी खिशातली त्रिकोणी पट्टी टेबलावर ठेवली. "ही असू दे तुला, चिमणे." एक कप तिथेच निवला. त्यानंतर दोघं बोलले नाहीत. अकरा वर्षांनी दादा गेल्याची खबर फोनवर आली. ताईने फोन ठेवला आणि कात्री उचलली. त्या दिवशी तिने कापलेली प्रत्येक भिंत वाकडी निघाली.

नवं पंपघर केव्हाच झालं होतं, बरोबर ऐंशी मीटरवर. यंत्र आज सुरळीत चालतं. खऱ्या इमारती उभ्या राहिल्यावर मॉडेलला कोण विचारतो? मला जिन्याखाली टाकलं. माझ्यावर खोकी आली, टाक्या मोडल्या, झाडं झडली. गेल्या महिन्यात मला भंगारात काढलं, तेव्हा कात्रीताई, आता काठी टेकत चालणारी, म्हणाली, "ती माझ्याकडे द्या."

तिच्या घरी खिडकीपाशी ती मला पुसत होती. एका झाडाशी हात थांबला.

"हे इथे कोणी लावलं?" ती स्वतःशीच पुटपुटली. "मी मोकळ्या मैदानात असं एकटंच झाड लावीन होय? मला काय वेड लागलंय?"

तिने ते उपटलं. स्पंजचा भुगा झाला आणि खाली भोक दिसलं. तिने त्यावर बोट टेकवलं. मग उठली आणि खणातून त्रिकोणी पट्टी काढून आणली. लांबघराच्या भिंतीपासून भोकापर्यंत चाळीस. तिने पुन्हा मोजलं. चाळीसच. मग अकरावरच्या पंपघराच्या कडेने, आपल्याच हातच्या दुहेरी गोंदावर, तिने नख फिरवलं, तसंच, जसं दादांनी फिरवलं होतं.

"दादा," ती म्हणाली. "अरे, सांगायचंस की रे. भांडलो असतो."

मग तिने सुरीने पंपघर सोडवलं, नेऊन चाळीसवर ठेवलं. गोंदाची बाटली उघडली. झाकण परत लावलं. शिवणाच्या डब्यातून एक टाचणी काढली आणि नेमकी त्या भोकात टोचली.

मित्रांनो, फळीचा उपदेश तो केवढा! कुणाची वस्तू पडली तर परत ठेवण्याआधी विचारा, ती कुठे होती. ज्याच्यावर विश्वास आहे, त्याचंही माप एकदा घ्या. त्याने विश्वास तुटत नाही, वाचतो. आणि ज्याच्याशी तुम्ही बोलणं सोडलं आहे, त्याने तुमच्यासाठी कुठे एखादं झाड लावून ठेवलं आहे का, ते तो असेपर्यंत उपटून बघा. कात्रीताई रोज दोन कप चहा करते. एक माझ्यावर, फुगलेल्या कोपऱ्याशी ठेवते. तो निवतो.