आधी वाजलेली टाळी

“हे नको,” तो म्हणाला.

तिने मांडीवरची पर्स शेजारच्या खुर्चीवर आपटली. सकाळपासून नवऱ्याचे हेच चालले होते. जुन्या मैफलींतल्या निवडक रचनांचा हा त्याचा शेवटचा अल्बम. मागचाही शेवटचाच होता, त्याआधीचाही. त्यांच्या न खपलेल्या प्रतींची खोकी पलंगाखाली होती आणि रोज तिच्या झाडूला आडवी येत. पण या वेळी डॉक्टरांनी ट्रम्पेटच बंद करायला सांगितले होते. आता नवे काही वाजणार नव्हते. जे टेपवर होते, तेवढेच.

स्टुडिओतला ध्वनिमुद्रक शांत स्वभावाचा होता, तरी त्यानेही कपाळ चोळले. “काका, तुमचं सगळ्यांत चांगलं वाजवलेलं हेच आहे. हेच का नको?”

“हिला विचार.”

आली का गाडी तिथेच, असे तिच्या मनात आले.

जॅझमध्ये एकेक वादक आळीपाळीने एकटा वाजवतो आणि त्याचे संपले की श्रोते टाळ्या देतात. त्यांच्याकडच्या श्रोत्यांना कधी संपले हेच कळत नसे. म्हणून ती शेवटच्या रांगेत बसे आणि पहिली टाळी देई. तिच्यामागोमाग सभागृह टाळ्या वाजवी आणि पियानोवालाही तीच खूण धरून सुरू करी. ज्या रात्रीची ही टेप होती, त्या रात्री तिने तो वाजवत असतानाच टाळी दिली. सभागृह दणाणले, पियानो शिरला, याला ट्रम्पेट खाली घ्यावा लागला. कळस तर पुढेच होता, हे तेव्हापासून त्याने पाहुण्यांना, व्याह्यांना, एकदा तर गॅसवाल्यालाही ऐकवले होते. प्रत्येक वेळी ती म्हणे, “चुकलं माझं,” आणि चहाचे कप उचलून आत जाई.

ध्वनिमुद्रकाने उपाय काढला. प्रत्येक माइक वेगळा टिपलेला होता. टाळ्या आणि पियानो बंद करायचे, नुसता ट्रम्पेट ऐकायचा आणि हवा तर शेवट दुसऱ्या रात्रीचा जोडायचा.

नवऱ्याचा चेहरा उजळला. ती घाईने म्हणाली, “राहू द्या ना आता. जेवणाची वेळ टळून गेली.”

“आयुष्यभर तुझंच घड्याळ पाहिलं,” तो म्हणाला. “लाव रे.”

एकटा ट्रम्पेट वर वर चढत गेला. मग सूर पातळ झाला, खरखरला. एक घोट गिळल्याचा आवाज. पुन्हा प्रयत्न, पितळेतून नुसती हवा गेली. आणि त्यानंतर, ट्रम्पेटच्याच माइकने दुरून टिपलेली, भिंतीपलीकडून आल्यासारखी, पहिली एकच टाळी.

“परत लाव,” तो म्हणाला.

दुसऱ्या वेळी त्याने डोळे मिटून ऐकले. ती पर्सची चेन उघडत होती, लावत होती.

“तुला दिसलं होतं?”

“शेवटच्या रांगेतून काय दिसणार? दम संपला की चढतो, तसा कोट खांद्यात वर चढला होता. माझीच शिवण. मला कळायचं नाही?”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?”

“तुम्ही बोलू दिलंत कधी?”

त्याने खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. ध्वनिमुद्रकाने खाकरून विचारले, दुसऱ्या रात्रीचा शेवट जोडायचा ना?

“नको. टाळी परत ठेव. होती तिथेच.”

“म्हणजे ही रचना घ्यायची, काका?”

“पहिली घे ही.”

हे सकाळीच ठरले असते तर जेवण गरम मिळाले असते, एवढे बोलून ती उठली. वास्तविक तिला भूक नव्हती.

स्टुडिओ तळघरात होता आणि वर यायला जिना होता. ती पुढे, तो मागे. अर्ध्यावर तिने वळून पाहिले. त्याचे खांदे वर चढले होते.

ती वळणावर थांबली आणि पर्स उघडून घराची किल्ली शोधू लागली. किल्ली सगळ्यांत वरच होती. तिने ती रुमालाखाली सारली.

तो खालच्या पायरीवर कठडा धरून उभा राहिला. एरवी या शोधाशोधीवर तो हमखास चिडे. आज तिच्या पर्सकडे बघत दम घेत राहिला.

“सापडली का?” श्वास जागेवर आल्यावर त्याने विचारले.

“शोधतेय.”

“शोध. सावकाश शोध.”