पिवळी रेघ

माझी बायको रेसच्या गाड्यांचे फोटो काढते आणि मी त्याच गाड्यांची चाकं बसवतो. लोकांना वाटतं, काय जोडी जमली आहे. जमली कसली, डोंबल. तिला फोटोत चाक भिंगरीसारखं पुसट हवं असतं आणि मला त्यातला नट दिसायला हवा असतो. यावरून आमच्या घरात कितीदा चहा गार झाला आहे.

तिचं म्हणणं असं, की शटर सावकाश ठेवायचं आणि हातभर लांब लेन्स गाडीबरोबर फिरवत न्यायची. मग गाडी स्पष्ट येते आणि चाकं, झाडं, प्रेक्षक सगळं पळताना दिसतं. शटर जलद ठेवलं तर चाकं थिजतात आणि जिवाच्या आकांतानं पळणारी गाडी पार्क केल्यासारखी दिसते. असा फोटो आला की ती तिथल्या तिथे उडवते. "उभी गाडी कुणाला बघायचीय? ती तर तुझ्या गॅरेजमध्येही दिसते," असं वर मलाच ऐकवते.

माझीही एक सवय आहे. चाकाच्या मधला नट आवळून झाला की नटावरून चाकापर्यंत पिवळ्या रंगाची एक रेघ ओढायची. रेघ सरळ असली म्हणजे नट जागचा हललेला नाही. त्या शर्यतीच्या दिवशीही ओढली होती. नटाचे आटे झिजलेत, नवा आणा, हे टीमच्या मालकाला सांगून सांगून माझं तोंड दुखलं होतं. "एवढी एक शर्यत काढ रे," म्हणाला. काढली.

शर्यत निम्म्यावर आली आणि वळणावर पुढचं चाक निखळून उडालं. गाडी भिंतीवर आदळली, ड्रायव्हरच्या मांडीचं हाड मोडलं. नट गवतात कुठे गेला तो सापडलाच नाही. मालकानं चौकशी समितीपुढे तोंड वर करून सांगितलं, "यानं नट आवळलाच नव्हता. आट्यांबद्दल मला कधी बोलला नाही." झालं, सगळं खापर माझ्या डोक्यावर.

चाकावरचा रंग जुन्या शर्यतीचाही असेल, त्या दिवशी रेघ ओढल्याचा पुरावा काय, असं समितीनं विचारलं. बायको दिवसभर त्याच वळणावर उभी होती. घरी येऊन तिनं सगळे फोटो उघडले. शेकड्यांनी होते, आणि प्रत्येकात चाक म्हणजे नुसता गरगरता धूर.

"पहिल्या फेरीचा एक होता," ती म्हणाली. "शटर चुकून जलद राहिलं होतं. चाक अगदी स्वच्छ आलं होतं."

"मग दाखव की."

"उडवला. गाडी पार्क केल्यासारखी दिसत होती."

"रेघ सरळ होती का?"

"पिवळं काहीतरी दिसलं. सरळ होतं की तुटलेलं, ते कोण बघतंय त्या वेळी?"

उडवलेला फोटो कार्डावरून परत मिळतो म्हणे. पण त्यानंतर तिनं त्याच कार्डावर इतके फोटो काढले होते, की दुरुस्तीवाल्यानं हात वर केले. मला राग गिळताही येईना आणि ओकताही येईना.

समितीनं माझा शर्यतीत काम करायचा परवाना काढून घेतला. मालकानं लगेच सगळ्या गाड्यांना नवे नट आणले, हे मला माझ्या जागी आलेल्या मेकॅनिकनं सांगितलं. आता कुठलीही टीम मला दारात उभं करत नाही. बायकोचा एक फोटो मात्र गाजला. चाक उडालं तेव्हा तिची लेन्स गाडी सोडून चाकामागे गेली होती. मागे सगळं फरफटलेलं आणि हवेत ते चाक, मधोमध रिकामं भोक. मासिकानं खाली छापलं, 'निष्काळजीपणाचा क्षण'. ते शब्द माझे नाहीत, असं ती दहादा म्हणाली. नसतीलही.

ते मासिक घरी आलं तेव्हा मी जेवत होतो. तिनं ते फडताळावर पालथं ठेवलं आणि माझ्याकडे पाठ करून भांडी विसळायला लागली.

"रागावू नकोस," ती म्हणाली. "पण एकदा खरं सांग. तू तो नट आवळला होतास ना?"

मालकानं खोटं बोलून माझं जेवढं वाटोळं केलं नव्हतं, तेवढं या एका प्रश्नानं केलं. मी ताटावरून उठलो.

"अख्ख्या जगात माझ्याखेरीज ती रेघ डोळ्यांनी बघितलेली एकटी तू आहेस," मी म्हणालो, "आणि तूच मला विचारतेस."