किल्लीवाल्याचा पगार

गावातली अर्धी दारं उघडता येणाऱ्या किल्लीवाल्याला स्वतःसाठी एक दार मिळत नव्हतं. राहत्या घराचा मालक मुलगा परत येतोय म्हणून खोल्या मागत होता. मुदत तीन महिन्यांची होती, आणि नवा प्रत्येक घरमालक चहाआधीच विचारायचा: महिन्याला किती मिळतात? किल्लीवाला सरळ माणूस. ते लोकांवर आहे, असं सांगायचा. लोकांनी किल्ल्या हरवल्या तर मिळतात, नाही हरवल्या तर नाही. यावर चहा यायचाच नाही.

बायकोने वर्षभर घरखर्च लिहून ठेवला होता. त्यातून तिला एवढंच कळलं की खर्च बिचारा शहाण्यासारखा वागतो. चळ लागलाय तो मिळकतीला. एखाद्या महिन्यात वाऱ्याने दारं लागून माणसं भराभर बाहेर राहायची आणि घरी नवे पडदे यायचे. पुढच्या महिन्यात सगळं गाव किल्ल्या कमरेला बांधून फिरायचं, आणि त्याच पडद्यांमागे उसनी साखर असायची.

तिने उपाय काढला. वर्षातला सगळ्यात भिकार महिना शोधला आणि त्या महिन्याची मिळकत हाच नवऱ्याचा पगार ठरवला. त्याने रोज मिळेल ते तिच्याकडे जमा करायचं. एक तारखेला ती पाकिटातून पगार देणार, सही घेणार, रीतसर स्लिप देणार, आणि घर तेवढ्यातच चालणार. वर उरेल ते नव्या घराच्या अनामत रकमेसाठी बाजूला. मोठे महिने आणि छोटे महिने ही भानगडच नको.

योजनेत खोट नव्हती. खोट होती ती नवऱ्यात. त्याच्या सात पिढ्यांत कुणी नोकरी केलेली नव्हती, त्यामुळे नोकरी त्याला गोवरासारखी मोठ्या वयात निघाली, आणि जोरात निघाली.

सासूबाईंनी पहिली स्लिप पाहिली आणि नातेवाइकांना फोन लावले: मुलाला नोकरी लागली. मालक कोण, एवढ्या खोलात कुणी गेलं नाही. पहिला महिना त्याने नव्या नवरीसारखा काढला. अनामत रक्कम जमली ती त्याच महिन्यात. मग त्याने रविवार घेतला. रविवारामागून जेवणाची सुट्टी आली, सुट्टीमागून डुलकी. एक गृहस्थ नुसत्या टॉवेलावर घराबाहेर अडकले, तर त्यांना त्याने फोनवर शांतपणे कळवलं की कामाची वेळ सहापर्यंत आहे, सकाळी दहानंतर बघू. पूर्वी टॉवेल म्हटला की तो दुप्पट पैसे लावायचा.

"अहो, धंदा आपलाच आहे ना?" बायको म्हणाली.

"आपला कसा? तुझा. मी आपला नोकरमाणूस." आणि लगेच त्याने बोनसची चौकशी केली.

वरकमाई आटली. आणखी दोन महिने हे चाललं असतं तर अनामतीलाच हात घालावा लागला असता. घर मिळालं की येत्या एक तारखेला ही नोकरी बंद, असं बायकोने मनाशी पक्कं करून टाकलं.

शेवटचं घर एका निवृत्त हेडक्लार्कचं होतं. दोन खोल्या, आणि रस्त्याकडच्या खोलीला खिडकी अशी की किल्ल्यांचं मशीन तिथे मजेत बसावं. पण अट एकच: भाडेकरू नोकरदार हवा. बायकोने चिमटा काढायच्या आत किल्लीवाल्याने खिशातल्या स्लिपा टेबलावर मांडल्या.

हेडक्लार्कने त्या पुढून वाचल्या, मागून वाचल्या. सही कुणाची, असं विचारलं. बायकोने माझी म्हणून सांगितलं. त्याने स्लिप दुसऱ्याच्या रुमालासारखी दोन बोटांनी खाली ठेवली. बायको नवऱ्याला पगार देते, हे ऐकायचंच राहिलं होतं, असं काहीतरी तो म्हणाला. मग केवळ गंमत म्हणून त्याने विचारलं, "बरं, मालकीणबाई, माणूस कामाला कसा आहे?"

घर हातचं चाललं होतं. दोन शब्द गोड बोलायची वेळ होती, आणि ती ते बोलायच्या तयारीनेच आली होती. पण पोटात साचलेलं आधी बाहेर आलं.

"कसले कामाला! दहाला निघतात, साडेदहाला चहा. काम सांगितलं की कपाळाला आठी. महिनाअखेरीला पाठ धरते ती एक तारखेला सुटते. आणि वर बोनस मागतात."

किल्लीवाल्याने मान खाली घातली. घर गेलं, हे त्यालाही कळलं.

हेडक्लार्कने चष्मा काढला. जुन्या ऑफिसातलं कुणी भेटावं तसा त्याचा चेहरा झाला होता.

"पाठ नेमकी एक तारखेला सुटते?"

"सकाळीच."

"मग यात बनाव नाही," तो म्हणाला. "स्वतःचा धंदा असलेला माणूस असा वागूच शकत नाही, त्याला परवडत नाही. मी आयुष्यभर अशी माणसं सांभाळलीत, बाई. हा अस्सल नोकरदार आहे."

चहा आला. करारनामा भरला. हेडक्लार्कने हौसेने एक कलम स्वतःच्या हाताने वाढवलं: भाडेकरूची नोकरी चालू असेल तोवरच जागा, नोकरी सुटली किंवा मालकाने कामावरून काढून टाकलं, तर महिन्याभरात खोल्या खाली. खाली भाडेकरूची सही, शेजारी मालकीणबाईंची. बायकोने पेन हातात घेऊन ते कलम वाचलं, पुन्हा वाचलं. मनातली एक तारीख मुकाट्याने पुसली आणि सही केली.

रस्त्याला लागल्यावर ती बोटांवर पुढच्या पगारांचा हिशोब करत चालली. किल्लीवाला मात्र हात मागे बांधून, दुकानांच्या पाट्या वाचत चालला होता.

"म्हणजे आता मला काढता येणार नाही," तो म्हणाला.

"नाही."

तो थोडं पुढे गेला, थांबला, आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "मग सामान हलवायला दोन माणसं बघ. ते माझ्या कामात बसत नाही."